तुटलेल्या मज्जातंतूला पत्ता कोण सांगते?

मज्जातंतूंच्या पुनर्वाढीवरील आमच्या लेखात एक वाक्य होते : ‘तुटलेला धागा वाढतो, पण वाढणे वेगळे आणि घरी पोहोचणे वेगळे.’ त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत विचारले आहे की मग घर सापडते कसे? निवडक प्रश्न आणि उत्तरे खाली देत आहोत. उत्तरांत ‘मज्जातंतू’ म्हणजे दोरखंड आणि ‘ॲक्सॉन’ म्हणजे त्यातला एकेक धागा, असा अर्थ धरावा.

प्रश्न : मनगटाजवळच्या एका मज्जातंतूत हजारो ॲक्सॉन असतात. तो कापला गेला तर वाढणारा प्रत्येक धागा आपल्याच स्नायूकडे किंवा त्वचेकडे परततो, की जिथे जागा मिळेल तिथे घुसतो?

दोन्ही घडते. काय किती घडेल हे जखम कशी झाली यावर अवलंबून असते.

जखमेच्या पलीकडचा ॲक्सॉनचा तुकडा पेशीपासून तुटल्यामुळे मरतो आणि साफ होतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर हे दाखवले. ॲक्सॉन गेला तरी त्याची नळी उरते. तिला बाहेरून आधारपटलाचे पातळ अस्तर असते आणि आत श्वान पेशींची रांग. (नावावरून गोंधळ नको. कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचे ते आडनाव आहे.) मज्जातंतू नुसता चिरडला गेला असेल तर नळी अखंड राहते. वाढणारे टोक स्वतःच्याच जुन्या नळीत शिरते आणि पुढे त्याला निवड करावीच लागत नाही. ज्यांचे मोजकेच ॲक्सॉन चमकतात अशा उंदरांत २००२ मध्ये एकच ॲक्सॉन जखमेआधी आणि नंतर पाहिला गेला. चिरडल्यानंतर तो जवळपास त्याच फाट्यांनी त्याच स्नायुतंतूंवर परतला. कापल्यानंतर मात्र ही अचूकता गेली.

कापलेल्या जागी दोन्ही टोके कितीही नीट शिवली तरी हजारो नळ्या समोरासमोर येत नाहीत. शिवाय प्रत्येक ॲक्सॉन एक नव्हे, अनेक फुटवे काढतो आणि ते वेगवेगळ्या नळ्यांत शिरतात. हा टप्पा बराचसा नशिबावर चालतो. निवड सुरू होते ती यानंतर.

टॉमस ब्रशार्ट यांनी १९८८ मध्ये उंदराच्या मांडीतल्या मज्जातंतूवर दाखवलेली गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हा मज्जातंतू पुढे दोन फांद्यांत विभागतो, एक स्नायूची आणि एक त्वचेची. फांद्या फुटण्याच्या आधीच तो कापून शिवला, तर सुरुवातीला स्नायू हलवणारे ॲक्सॉन दोन्ही फांद्यांत सारखेच शिरतात, अनेकदा एकाच पेशीचे फुटवे दोन्हीकडे असतात. काही आठवड्यांनी पाहिले तर स्नायूच्या फांदीत त्यांची संख्या स्पष्टपणे जास्त असते. कारण त्वचेकडे गेलेले फुटवे मागे घेतले जातात. म्हणजे पेशी आधी सगळीकडे हात पसरते आणि नंतर छाटणी करते.

ही छाटणी कशाच्या आधारावर होते, यावर अजून वाद आहेत. श्वान पेशींत ‘स्नायूची’ आणि ‘त्वचेची’ असा रासायनिक फरक असतो, हा एक धागा. पण त्याच मज्जातंतूवर पुढे झालेल्या प्रयोगांत स्नायूशी संपर्क तोडला तेव्हा प्रेरक (म्हणजे स्नायू हलवणारे) ॲक्सॉन उलट त्वचेच्या फांदीकडे झुकले. आमच्या मते याचा सरळ अर्थ असा की ॲक्सॉन ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ अशी तपासणी करत नाही. कोणत्या फांदीतून पोषक प्रथिनांचा आधार जास्त मिळतो याची तुलना करतो. ही तुलनेची गोष्ट पुढच्या उत्तरांतही परत परत येणार आहे.

प्रश्न : ॲक्सॉन स्नायूपर्यंत पोहोचला असे धरू. पण स्नायुतंतू लांबलचक असतो. त्यावरचा नेमका जुना सांधा, म्हणजे ॲक्सॉन आणि स्नायू जुळतात ती जागा, त्याला कशी सापडते?

सांध्याची जागा स्नायुतंतूच्या पृष्ठभागाच्या सुमारे ०.१ टक्का असते. तरीही परतणारे ॲक्सॉन बहुतेक वेळा तिथेच थांबतात. त्यासाठी स्नायू जिवंत असण्याचीही गरज नसते, हे यातले खरे आश्चर्य.

जोशुआ सेन्स, लॉरेन्स मार्शल आणि यू. जे. मॅकमहन यांनी १९७८ मध्ये बेडकाच्या छातीवरचा एक पातळ स्नायू निवडला. त्यातले स्नायुतंतू नष्ट केले, ते पुन्हा उगवू नयेत म्हणून क्ष-किरण दिले आणि मज्जातंतूलाही इजा केली. उरली फक्त आधारपटलाची रिकामी पिशवी. ॲक्सॉन परतले, जुन्या सांध्याच्या खुणेवर थांबले आणि रसायन सोडणाऱ्या टोकांची रचनाही तिथेच उभी केली, समोर कोणी नसताना. पुढच्याच वर्षी उलटा प्रयोग झाला. स्नायू उगवू दिला, मज्जातंतू येऊ दिला नाही. तेव्हा नव्या स्नायुतंतूने ॲसिटिलकोलीनचे (ॲक्सॉन सोडतो त्या संदेशवाहक रसायनाचे) ग्राहक रेणू त्याच जुन्या जागी गोळा केले. पत्ता पटलातच लिहिलेला होता आणि दोन्ही बाजूंना तो वाचता येत होता. त्यातले दोन शब्द आज ओळखीचे आहेत : ग्राहक रेणू गोळा करायला लावणारे ॲग्रिन आणि ॲक्सॉनच्या टोकाला आकार देणारे लॅमिनिन बीटा-२.

मात्र ही खूण ‘इथे सांधा आहे’ एवढेच सांगते, ‘हा सांधा अमुक पेशीचा’ असे सांगत नाही. कोणताही प्रेरक ॲक्सॉन आला तरी सस्तन प्राण्याचा रिकामा स्नायुतंतू त्याला घेतो. १९६० मध्ये बुलर आणि एकल्स पिता-पुत्रीने मांजराच्या वेगवान आणि संथ स्नायूंचे मज्जातंतू अदलाबदल करून जोडले. सांधे व्यवस्थित झाले आणि स्नायूंचाच वेग नव्या मालकाप्रमाणे बदलू लागला. परक्याला नकार मिळतो तो सांधा आधीच भरलेला असेल तेव्हा. सुरुवातीला एका सांध्यावर दोन-तीन ॲक्सॉन बसतात, मग स्पर्धा होऊन एकच उरतो.

प्रश्न : रॉजर स्पेरी यांनी बेडकाचा डोळा फिरवला आणि ‘प्रत्येक पेशीला रासायनिक पत्ता असतो’ हे सिद्ध केले असे शिकवले जाते. हे अजून खरे मानतात का?

अर्धे मानतात. प्रयोग खणखणीत आहेत, अर्थ लावताना घाई झाली.

न्यूट (सरड्यासारखा दिसणारा उभयचर) आणि बेडूक यांचा डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कापला तरी पुन्हा वाढतो. स्पेरी यांनी १९४३ पासूनच्या प्रयोगांत तो कापून डोळा १८० अंशांत फिरवला. दृष्टी परतली, पण उलटी. माशी वर असली की बेडूक खाली झेपावे आणि ही चूक कधीच सुधारली नाही. सरावाने जोडण्या ठरत असत्या तर सुधारली असती. म्हणजे दृष्टिपटलाच्या प्रत्येक भागाचे ॲक्सॉन मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी गेले होते. १९६३ मध्ये अट्टार्डी आणि स्पेरी यांनी गोल्डफिशचे अर्धे दृष्टिपटल काढून टाकले, तेव्हा उरलेल्या अर्ध्याचे ॲक्सॉन वाटेतली रिकामी जागा ओलांडून स्वतःच्या जागी गेले.

मग गोत्यात आणणारे निकाल आले. १९७० मध्ये गेझ आणि शर्मा यांनी गोल्डफिशच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्राचा मागचा अर्धा भाग काढला. पुढे उरलेल्या अर्ध्या भागावर संपूर्ण दृष्टिपटलाचा नकाशा दाटीवाटीने पण योग्य क्रमाने बसला. उलट अर्धे दृष्टिपटल काही महिन्यांनी पूर्ण केंद्रावर पसरते, हेही दिसले. पत्ता पक्का असता तर हे अशक्य होते.

तोडगा असा की पत्ता घरक्रमांकासारखा नसून उतारासारखा आहे. बॉनहोफर यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या दृष्टिकेंद्राच्या पुढच्या आणि मागच्या भागांतील पेशीपटलांचे पट्टे आलटून पालटून मांडले. दृष्टिपटलाच्या कानाकडील भागाचे ॲक्सॉन मागच्या भागाचे पट्टे टाळून वाढले. ओढणारे काही नव्हते, ढकलणारे होते. १९९५ मध्ये ही ढकलणारी प्रथिने सापडली : एफ्रिन-ए२ आणि एफ्रिन-ए५. केंद्रात ती पुढून मागे वाढत जातात आणि ॲक्सॉनवर त्यांना ओळखणारे ग्राहक रेणूही चढत्या प्रमाणात असतात. ज्याच्यावर ग्राहक जास्त तो लवकर थांबतो, बाकीचे पुढे सरकतात. रांगेत उंचीप्रमाणे उभे राहावे तसे. रांग छोट्या खोलीतही लागते आणि मोठ्या मैदानातही.

आणि हा नकाशा ढोबळच असतो. गोल्डफिशच्या डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन घालून विद्युत संदेश बंद ठेवले तर नकाशा योग्य दिशेने बनतो, पण बारकावा येत नाही. शेजारी पेशी एकाच वेळी संदेश पाठवतात आणि त्या एकवेळपणावरूनच शेजार घट्ट होतो.

प्रश्न : लँगली यांच्या मांजरावरील प्रयोगात जोडण्या अचूक परतल्या होत्या असे वाचले. मग चेहऱ्याच्या पक्षाघातातून बरे होणाऱ्या काही रुग्णांच्या डोळ्यांत जेवताना पाणी का येते? निवड अचूक असेल तर ही गल्लत कशी?

फार नेमका प्रश्न. जॉन लँगली यांनी १८९५ मध्ये मानेतल्या सहानुभूतिक साखळीचा (बाहुली, रक्तवाहिन्या अशा आपोआप चालणाऱ्या गोष्टी सांभाळणाऱ्या साखळीचा) मज्जातंतू कापला. तो वाढून मानेतल्या वरच्या गंडिकेत (मज्जापेशींच्या गाठीत) परतल्यावर त्यांनी पाठीच्या कण्यातून निघणारी मज्जातंतूंची मुळे एकेक करून उत्तेजित केली. छातीच्या पहिल्या मुळाने पुन्हा डोळ्याची बाहुलीच रुंदावली आणि चौथ्याने कानाच्या रक्तवाहिन्याच आकुंचन पावल्या. या गंडिकेत दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणजे जागेवरून नव्हे, पेशीच्या ओळखीवरून निवड झाली.

पण ती शक्य झाली कारण प्रत्येक ॲक्सॉनसमोर सगळे पर्याय हाताच्या अंतरावर होते. चेहऱ्याच्या मज्जातंतूत तसे नसते. त्यात चेहऱ्याच्या स्नायूंचे, लाळग्रंथींचे आणि अश्रुग्रंथीचे ॲक्सॉन एकत्र प्रवास करतात आणि मग वेगळ्या फांद्यांनी जातात. इजा फांदी फुटण्याच्या आधी झाली तर लाळेकडे जाणारा ॲक्सॉन अश्रुग्रंथीच्या नळीत शिरतो. पुढे त्याला त्याची पेशी भेटणारच नाही. तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून तो समोर आहे ती पेशी धरतो. दोन्ही ठिकाणी रसायन ॲसिटिलकोलीनच असल्याने जोडणी कामही करते. घास तोंडात गेला की डोळा पाझरतो.

याच जातीची दुसरी गल्लत कानापुढच्या लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर दिसते. लाळ सुटवणारे ॲक्सॉन त्वचेतल्या घामग्रंथींवर बसतात आणि जेवताना गालाला घाम फुटतो. घामग्रंथींचा पुरवठा सहानुभूतिक असला तरी त्यांची रासायनिक भाषा अपवादाने ॲसिटिलकोलीनच आहे, म्हणून हे जमते. लुत्सिया फ्रेय यांनी १९२३ मध्ये याचे बारकाईने वर्णन केले. गालाला आयोडीन लावून, वाळल्यावर वर स्टार्चची पूड टाकून काही आंबट चघळायला दिले की घामाची जागा निळी-काळी होते. दोन्ही त्रासांत बोट्युलिनम टॉक्सिनची सुई उपयोगी पडते, पण ती जोडणी दुरुस्त करत नाही. काही महिने रसायन सुटणे थांबवते, इतकेच.

प्रश्न (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी) : मनगटावर मीडियन मज्जातंतू शिवलेल्या रुग्णाला तर्जनीला स्पर्श केला तर मधल्या बोटाला केल्यासारखे वाटते. ॲक्सॉन चुकीच्या जागी गेले असतील तर व्यायामाने ते दुरुस्त होतील का?

ॲक्सॉन जागा बदलणार नाहीत. मेंदू अर्थ बदलायला शिकतो. हा फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावा, नाहीतर तो ‘नस सरकण्याची’ वाट पाहत बसतो.

आधी वेळेचे गणित. ॲक्सॉन दिवसाला साधारण १ मिमी वाढतो, वर शिवण ओलांडायला काही आठवडे. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेमी धरले तर १८० दिवस अधिक सुरुवातीचा विलंब. खांद्याजवळ तुटल्यास हातापर्यंत सुमारे ७० सेमी, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. तोवर पंजातले स्नायू जोडणी स्वीकारण्याची क्षमता गमावू लागतात (साधारण १२ ते १८ महिने ही व्यवहारातली मर्यादा) आणि रिकाम्या श्वान पेशींचा आधारही आटतो.

स्पर्श परत येण्याआधी संवेदी मेंदूला रिकामे ठेवू नये. रुग्णाने आरशात चांगल्या हाताला होणारा स्पर्श पाहावा, बाधित बोटाला स्पर्श होताना बघावा. हे ५ ते १० मिनिटे, दिवसातून ३-४ वेळा. तासभर एकदा केल्याने लक्ष उडते आणि फायदा होत नाही.

३० हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर आणि सरकता स्पर्श कळू लागला की जागा ओळखण्याचा सराव सुरू करावा. पेन्सिलच्या खोडरबराने एका जागी दाबायचे, रुग्णाने पाहायचे, डोळे मिटून पुन्हा अनुभवायचे आणि कुठे वाटले ते बोलायचे. मग डोळे उघडून ताळा. चूक झाली की लगेच पाहूनच दुरुस्ती, अंदाज करत बसायचे नाही. स्थिर स्पर्श बोटाच्या टोकाला पोहोचल्यावर वस्तू ओळखणे : आधी खूप वेगळ्या पोतांच्या आणि आकारांच्या, मग हळूहळू जवळच्या. मोजण्यासाठी नायलॉनचे मोनोफिलामेंट (ठरावीक दाब देणारे बारीक तंतू) आणि दोन बिंदूंची चाचणी. निरोगी बोटाच्या टोकाला ६ मिमीपेक्षा कमी अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात. कापून शिवलेल्या प्रौढ हातात बहुधा इतके परतत नाही, लहान मुलांत बरेच परतते.

नेहमी चुकते ते असे : स्पर्शाने झिणझिण्या किंवा वेदना होत असताना ओळखीचा सराव सुरू होतो. आधी मऊ कापडापासून खरखरीत पोतापर्यंत सवय लावून अतिसंवेदना कमी करावी. आणि गरम भांडी, इस्त्री, गरम पाणी यांपासून हात जपण्याचा धडा, कारण भाजल्याचे त्याला कळणार नाही.

गल्लत कमी करण्याची खरी संधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असते. सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्या आणि ॲक्सॉनच्या जुड्यांची मांडणी जुळवून टोके फिरणार नाहीत असे पाहणे, ताण न देता ९-० किंवा १०-० या अतिबारीक धाग्याचे टाके घालणे. जखमेनंतर सुमारे तीन दिवसांपर्यंत पलीकडच्या टोकाला विद्युत उत्तेजन देऊन स्नायूच्या जुड्या ओळखता येतात, नंतर ते टोक उत्तर देत नाही. शिवल्यावर अलीकडच्या टोकाला २० हर्ट्झचे उत्तेजन १ तास दिल्यास ॲक्सॉन लवकर शिवण ओलांडतात. उंदरांत २५ मिमीचे अंतर सर्व प्रेरक पेशींनी ८-१० आठवड्यांऐवजी ३ आठवड्यांत पार केले. हे त्वचेवरून स्नायूला झटके देणाऱ्या यंत्रासारखे नाही.

प्रश्न (शिक्षक) : ‘निवड झाली’ हे प्रयोगशाळेत मोजतात कसे? सूक्ष्मदर्शकाखाली सगळे ॲक्सॉन सारखेच दिसतात.

उंदराच्या मांडीचा मज्जातंतू इतका वापरला जातो त्याचे कारण साधे आहे : त्याच्या त्वचेच्या फांदीत स्नायू हलवणारे ॲक्सॉन मुळात नसतातच. तिथे एक जरी सापडला तरी तो चुकलेलाच.

पुनर्वाढीनंतर दोन्ही फांद्या ताज्या कापून प्रत्येकीचे टोक वेगळ्या रंगाच्या चमकत्या द्रव्यात, व्हॅसलीनने बंद केलेल्या छोट्या वाटीत, तासभर बुडवतात आणि नीट धुतात. ५-७ दिवसांत रंग उलट वाहत पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतील पेशीपर्यंत जातो. मज्जारज्जूचे ४० मायक्रोमीटर जाडीचे छेद घेऊन पेशी मोजतात : फक्त पहिल्या रंगाच्या, फक्त दुसऱ्या, दोन्हींच्या. एकच पेशी दोन छेदांत कापली जाऊन दोनदा मोजली जाते, म्हणून मोजलेली संख्या × जाडी ÷ (जाडी + केंद्रकाचा व्यास) अशी दुरुस्ती करतात. केंद्रक १० मायक्रोमीटरचे असेल तर ३०० पेशींच्या २४० होतात.

फसवणूक तीन ठिकाणी होते. रंग एका वाटीतून दुसऱ्या फांदीला लागला की ‘दोन्ही रंगांच्या’ खोट्या पेशी दिसतात. म्हणून इजा न केलेल्या उंदरावर हीच कृती करून त्वचेच्या फांदीतून शून्य येते का ते आधी पाहावे. एक रंग दुसऱ्यापेक्षा जास्त पेशी रंगवत असेल तर अर्ध्या उंदरांत रंगांची अदलाबदल करावी. आणि फक्त आठव्या आठवड्यात मोजले तर ॲक्सॉननी आधीच योग्य वाट धरली की नंतर छाटणी झाली हे कळतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला गट हवाच. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावे, हे सांगायला नको.

प्रश्न : इजा न होताही अशी निवड शरीरात कुठे चालू असते का?

जिभेवर. चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा दिवस ते काही आठवडे जगतात, मज्जापेशी मात्र त्याच राहतात. कडू ओळखणारी जुनी पेशी गेली की तिच्या ॲक्सॉनला नवी कडू पेशीच शोधावी लागते, शेजारची गोड नव्हे. चार्ल्स झुकर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की उंदरात कडू पेशी सेमाफोरिन ३ए आणि गोड पेशी सेमाफोरिन ७ए हे प्रथिन दाखवतात. गोड पेशींना कडूचे प्रथिन बनवायला लावले तेव्हा कडूसाठीच्या मज्जापेशी गोड पेशींवर जाऊन बसल्या.